तारांगणाची सहल झाली, आता काठी रोवा

महोदय,

खगोलशास्त्र म्हटले की शाळा मुलांना रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात नेतात. न्यावेच, पण पुढे वर्षभर काय? ग्रहांची नावे पाठ आणि थर्माकोलची सूर्यमाला (तीही बहुधा आईबाबांनी रात्री जागून केलेली). त्यापेक्षा मैदानात एक मीटरची काठी ओळंबा लावून सरळ रोवा. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करू द्या. २२ डिसेंबरला नागपुरात सर्वांत आखूड सावली ठीक बाराला पडत नाही, सुमारे १२ वाजून १२ मिनिटांनी पडते आणि जवळजवळ काठीएवढीच भरते. असे का, हे मुलेच विचारतील. मग भारताची प्रमाणवेळ ज्यावरून ठरते ते ८२.५ अंश रेखांश, पृथ्वीचा कललेला अक्ष, सगळे ओघाने येते. २१ मार्चच्या सुमारास तीच सावली ३९ सेंटीमीटरच्या आसपास येते. वहीत त्रिकोण काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजला, की नागपूरचा अक्षांश हाती लागतो: २१ अंश. शून्य सावलीचा दिवस (भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काठीची सावलीच पडत नाही तो) मात्र आपल्याकडे एकदा मेच्या सुट्टीत आणि एकदा जुलैच्या ढगांत येतो, त्याला इलाज नाही. मुख्याध्यापकांनी डिसेंबरात आणि मार्चात दुपारची एकेक तासिका यासाठी मोकळी ठेवावी.

– एक पालक, नागपूर