ड्युर्नश्टाइनचा गड पायथ्यावरूनच दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
कोल्हापूर शाखा

विषय : छापील कार्यक्रमातील गडाची चढाई रद्द केल्याबद्दल

महोदय,

मे महिन्यातल्या आपल्या मध्य युरोप सहलीला मी आणि माझे वडील आलो होतो. पैसे जानेवारीतच पूर्ण भरले होते. पावती व कार्यक्रमपत्रिका सोबत जोडली आहे.

तीन कंपन्यांच्या सहली पाहून आम्ही आपली निवडली ती आठव्या दिवसासाठी. त्या दिवशी ऑस्ट्रियातल्या वाखाउ खोऱ्यात ‘ड्युर्नश्टाइनच्या गडावर चढाई’ असं स्पष्ट छापलं आहे. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक, वय 71. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड 1192 साली धर्मयुद्धावरून परतताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि ड्यूक लिओपोल्डनं त्याला याच गडावर कोंडलं, चांदीची जबर खंडणी भरल्यावर पुढे तो सुटला, हे त्यांनी वर्गात कितीतरी वेळा शिकवलंय. चढताना दम लागू नये म्हणून तीन महिने दर रविवारी ते पन्हाळा पायी चढत होते.

प्रत्यक्षात गावात एक तास वीस मिनिटं मिळाली. त्यातली पन्नास मिनिटं वाईनच्या दुकानात गेली. वडील माळकरी आहेत, वाईन घेणार नाही हे बुकिंगच्या वेळीच लिहून दिलं होतं. तरी तिथलं शुल्क आमच्या रकमेत धरलेलंच आहे. गडाची पायवाट गावातूनच निघते, वर जायला साधारण अर्धा तास लागतो. आम्ही दोघंच जाऊन येतो म्हटलं, तर आपले सहल व्यवस्थापक म्हणाले, “वर नुसत्या पडक्या भिंती आहेत, बघण्यासारखं काही नाही.”

त्या भिंतींसाठीच तर आम्ही गेलो होतो. 1645 मध्ये स्वीडिश फौजेनं गड पाडला, म्हणून त्या पडक्या आहेत. पन्हाळ्याच्या माणसाला पडका बुरूज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

वडील बसजवळ उभे राहिले. डोळ्यांवर हाताची सावली धरून खडकावरच्या खिडक्यांची भोकं मोजली, वहीत लिहिली. उतारावर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली आणि त्यांवर द्राक्षवेली. आमच्या आत्याची तासगावला बाग आहे, त्यामुळे त्याही त्यांना जवळून बघायच्या होत्या. मग बसचा हॉर्न वाजला. व्हिएन्नापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. या वयात पुन्हा तिकडे जाणं होणार नाही, हे त्यांना आणि मलाही माहीत आहे.

आठव्या दिवसाची दोघांची रक्कम आणि वाईनचं शुल्क परत करावं, वडिलांना लेखी दिलगिरी कळवावी. गडावर नेणार नसाल तर ‘चढाई’ हा शब्द पत्रिकेतून काढावा. पुढच्या महिन्यात याच सहलीची बस पुन्हा निघते आहे आणि आपल्या शाखेतल्या टेबलावर आजही तीच पत्रिका ठेवलेली आहे.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. 2019 च्या कायद्यानुसार ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

आपली ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर