बाल न्याय मंडळातून घरी आलेल्या पोरांसाठी माणसं हवीत, पैसेही हवेत

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या गावांतील बंधू-भगिनींनो, नमस्कार.

अठरा वर्षांच्या आतलं पोरगं पोलिसांच्या हाती लागलं की गल्लीत एक जण म्हणतो, ‘चांगलं बडवा, आत टाका.’ दुसरा म्हणतो, ‘पोरगंच आहे, मिटवून टाका.’ ज्याची गाडी फोडली, ज्याचा मोबाईल गेला, ज्याच्या डोक्याला टाके पडले, त्याला मात्र कुणीच काही विचारत नाही. अशा पोराला आणि नुकसान झालेल्याला समोरासमोर बसवून भरपाई ठरवायची आणि पोराला पुन्हा मार्गाला लावायचं, हे जे काम गल्लीची पंच कमिटी, युवक मंडळ आणि महिला मंडळ मिळून करत आहेत त्याची सुरुवात या माणसाला विचारण्यापासून होते. आजवर ते पदरमोड करून चाललं. आता तसं निभत नाही, म्हणून हे आवाहन.

आधी कायद्याचं थोडं. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘बोर्ड’ म्हणतो त्याच्यापुढं, हजर करावं लागतं. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बोर्डावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी बाई असावीच लागते. गुन्हा शाबीत झाला तर विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं, पण कलम १८ मध्ये त्याच्या अलीकडच्याही पायऱ्या आहेत : समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, दंड, चांगल्या वागणुकीच्या हमीवर देखरेखीखाली सोडणं (प्रोबेशन) आणि समाजसेवा. समाजसेवा म्हणजे काय, हे केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत उदाहरणं देऊन सांगितलं आहे : बागेची निगा, म्हाताऱ्या माणसांची सेवा, दवाखान्यात मदत, रहदारीला हातभार. हे चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी. बोर्डानं ठरवलेल्या संस्थेच्या किंवा माणसांच्या देखरेखीखाली ते काम व्हायचं असतं.

ही माणसं कुठून यायची? बेळगाव हा क्षेत्रफळानं कर्नाटकातला सर्वांत मोठा जिल्हा. कणकुंबीच्या जंगलापासून अथणीच्या उसापर्यंतच्या घराघरांत प्रोबेशन ऑफिसरनं जावं, मुलाची परिस्थिती पाहावी, अहवाल लिहावा आणि वर देखरेखही ठेवावी ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात पोरगं घरी येतं, शाळा ‘दाखला घेऊन जा’ म्हणते, दुकानदार काऊंटरवरून हाकलतो, आणि त्याला जवळ करणारं कुणी उरत नाही. उरतात ते आधीचेच दोस्त.

आम्ही काय करतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण ‘पंचांनी बसवलं’ म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच चित्र उभं राहतं.

समजा, विसर्जनाच्या रात्री दोन गल्ल्यांतल्या पोरांची बाचाबाची झाली आणि रस्त्याकडेला लावलेल्या एका मालवाहू टेम्पोची काच फुटली. टेम्पोवाल्याचे काचेचे पैसे गेले, शिवाय दोन दिवसांचं भाडं बुडालं. प्रकरण बोर्डापुढं गेलं. बोर्डाला आणि प्रोबेशन ऑफिसरला कळवून आमचा समन्वयक आधी टेम्पोवाल्याच्या घरी जातो. एकदा नव्हे, लागेल तितक्या वेळा. त्याला बसायचं नसेल तर विषय तिथंच संपला, त्याला कुणी गळ घालत नाही. तो तयार असेल तर मग मुलाकडं, त्याच्या आईकडं. वडील नसतील किंवा गोव्याला कामाला असतील तर मामाकडं. मुलगा ‘मी केलं’ असं स्वतःहून म्हणत नसेल तरीही बैठक नाही. त्याचा निकाल बोर्डच लावेल.

दोन्ही बाजू तयार झाल्या की रविवारी दुपारी वाचनालयाच्या खोलीत बसायचं. पहिलं बोलायचं ते टेम्पोवाल्यानं, आणि त्याला मध्ये तोडायचं नाही. आमचा अनुभव असा, की पोराच्या चेहऱ्यावर फरक पडतो तो काचेची किंमत ऐकून नव्हे. त्या दोन दिवसांत टेम्पोवाल्यानं बँकेच्या हप्त्यासाठी कुणापुढं हात पसरले, ते ऐकून पडतो. मग मुलगा बोलतो, मग आई. शेवटी काय भरून द्यायचं, कधीपर्यंत आणि लक्ष कोण ठेवणार, हे कागदावर लिहून सह्या होतात. त्याची प्रत प्रोबेशन ऑफिसरकडं जाते. ती विचारात घ्यायची की नाही, हे बोर्ड ठरवतं. आमची बैठक बोर्डाच्या हुकमाची जागा घेत नाही.

या बैठकीत बहिष्कार नाही, नाक घासायला लावणं नाही, देवळात उभं करणं नाही, फोटो नाही. जातीच्या पंचायतींनी माणसांचं काय केलं ते आपल्या भागाला चांगलं ठाऊक आहे. त्याची सावलीही इथं पडू नये, म्हणून बैठकीत महिला मंडळाची एक तरी सदस्य असतेच. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात बैठक होत नाही. ‘पंचांत मिटवा’ म्हणून कुणी आलं तर आम्ही पोलिसांना कळवतो. अत्याचार मुलावर किंवा मुलीवर झाला असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते बंधनकारकच आहे. अतिगंभीर गुन्ह्यांतही आम्ही पडत नाही.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. १९७४ साली कॅनडातल्या एल्मायरा गावात दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. तिथल्या प्रोबेशन ऑफिसरच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्या दोघांना प्रत्येक दारात जाऊन तोंड दाखवायला आणि भरपाई ठरवायला लावलं. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यात मुलांच्या गुन्ह्यांसाठी घरच्यांची आणि नुकसान झालेल्यांची एकत्र बैठकच घालून दिली. आपल्या शेजारी औंध संस्थानानं तर १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंतीविना वसाहत वसवली. ते मोठ्या माणसांसाठी होतं, पण माणसावर विश्वास टाकायचा धीर तोच.

आता आपल्याकडून काय हवं.

सगळ्यांत निकड दोन्ही भाषा येणाऱ्यांची आहे. घरात आजी मराठी बोलते, हातात पडलेला कागद कानडीत. तारीख चुकते ती बेपर्वाईनं नव्हे, कागद न कळल्यामुळं. कागद वाचून सांगेल आणि तारखेला सोबत येईल असं माणूस हवं. निवृत्त शिक्षक, बँकेतून किंवा पोस्टातून निवृत्त झालेले काका-मावशी यांनी आठवड्यातली एक सकाळ दिली तरी पुष्कळ. चंदगडकडची पोरं इथं कामाला, शिकायला येतात. त्यांच्यातला कुणी सापडला तर घर एका राज्यात आणि बोर्ड दुसऱ्या राज्यात अशी गत होते. तिकडच्या गावात ओळखपाळख असलेल्यांनी आम्हाला जरूर भेटावं.

दुसरं, कामाच्या जागा. वाचनालयं, रोपवाटिका, वृद्धाश्रम, गोशाळा, तालमी. आठवड्यातून ठरलेले तास, शाळेची वेळ सोडून, आणि हजेरीची वही. उद्यमबागेतल्या एका उद्योजकांनी फाउंड्रीत जागा देऊ केली होती. त्यांच्या मनाचा मोठेपणा मान्य, पण अठराच्या आतल्या मुलाला भट्टीजवळ उभं करणं कायद्यात बसत नाही आणि आम्हालाही नको. हिशेबाच्या टेबलाशी बसवणार असतील तर वेगळं. ज्यांना पोरांकडून फक्त संडास धुऊन घ्यायचे आहेत त्यांनी कळवू नये.

तालमीच्या वस्तादांना खास विनंती. भरतीचं स्वप्न घेऊन पहाटे पळणारी पोरं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यावर ती असणारच. ‘एकदा पोलिसात नाव गेलं, आता भरती संपली’ असं समजून त्यातलं एखादं पोरगं सगळंच सोडून देतं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, थोडे अपवाद सोडले तर, बाल न्यायाखाली दोषी ठरल्यामुळं मुलाला पुढं अपात्र ठरवता येत नाही. हे त्याला वकिलापेक्षा वस्तादांनी सांगितलेलं लवकर पटतं.

आता पैशाचं. पूर्णवेळ समन्वयकाचं मानधन महिना १८,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,१६,०००. प्रवास, झेरॉक्स, चहापाणी महिना ४,००० प्रमाणे ४८,०००. उरलेले ३६,००० उचल म्हणून ठेवायचे आहेत : नुकसान झालेल्याला त्यातून लगेच रक्कम द्यायची आणि मुलाच्या घरच्यांनी ती हप्त्यानं परत भरायची. एकूण वर्षाला ३ लाख. काही हप्ते बुडतील हे धरूनच चाललो आहोत.

देणगी फक्त चेकनं किंवा थेट बँक खात्यात, पावतीसह. देणगीवरची आयकर सवलत, जिला लोक ८०-जी म्हणतात, ती आमच्याकडं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ज्यांचं प्रकरण चालू आहे अशा कोणत्याही बाजूच्या घरून एक रुपयाही घेणार नाही. देणगीदाराचा फ्लेक्स लागणार नाही, मग तो नगरसेवक असो की आमदार. हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखवला जाईल.

‘कुठल्या पोराला मदत केलीत?’ असं कृपया विचारू नका. मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर्तमानपत्रातलं कात्रण व्हॉट्सअॅपवर फिरवताना गल्लीतल्या ग्रुपांनीही हे ध्यानात घ्यावं. पुण्या-मुंबईत, गोव्यात असलेल्या बेळगावकरांनी आपापल्या घरच्यांमार्फत कळवलं तरी चालेल.

आमचं कार्यालय रविवार सोडून रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडं असतं. स्वयंसेवक म्हणून येणाऱ्यांनी ओळखपत्राची प्रत आणि ओळखीच्या दोन माणसांची नावं आणावीत. मुलांसोबतचं काम आहे, चौकशी केल्याशिवाय कुणालाच घेत नाही.

आपली,
संयोजन समिती
(पंच कमिटी, युवक मंडळ व महिला मंडळ यांच्या वतीनं)