पगार चालू आहे, काळजी करू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना पण.

अमेरिकेत शाळेनंतरच्या सेंटरांचा सरकारी पैसा अडकला, ती बातमी दादानं पाठवली आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं, तेव्हाच घरात काय चाललं असेल ते समजलं. तर आधी तेच सांगते, नोकरी आहे. तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होते, आईचं तिखट अजून पुरून राहिलं.

बातमी खरी होती, पण आता जुनी झाली. इथं शाळा सुटल्यावर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरांना सांभाळणारे, शिकवणारे सेंटर असतात, माझं पण त्यातलंच. त्याला केंद्र सरकारचा पैसा येतो, वर्षाला १.३ अब्ज डॉलर, देशभरातल्या चौदा लाखाच्या आसपास लेकरांसाठी. तो १ जुलैला राज्यांना मिळायला पाहिजे होता, यंदा, म्हणजे २०२५ ला, सरकारनं आदल्या दिवशी सांगितलं की थांबा, आम्ही तपासून राहिलो. शिक्षणाचे बाकीचे धरून सहा अब्जाच्या वर पैसे अडकले. मग वीसहून जास्त राज्यं कोर्टात गेली, ट्रम्पच्या पक्षाच्याच दहा सिनेटरांनी पत्र लिहिलं, तेव्हा कुठं जुलै संपायच्या आत सुटला. बाबा, तुम्ही म्हणता ना सरकारी पैसा म्हणजे पक्का, तर हा आपल्या पीकविम्यासारखा पक्का. संसदेनं मंजूर केलेला होता तरी ही गत. मधल्या काळात आमचे तास कमी केले होते. तेव्हा मुद्दाम नाही सांगितलं, बाबांचा बीपी आधीच कुठं धड राहते.

आई, तू विचारते सहाला सेंटर बंद होते तर तू साडेसातला काऊन पोचते. ते सहीमुळे. इथं लेकरू कोणाच्याही हाती देता येत नाही. आईबापानं फॉर्मवर जेवढी नावं लिहिली तेवढ्यांनीच न्यायचं, फोटोवालं कार्ड दाखवायचं, सही करायची, वेळ टाकायची, आणि तो माणूस रोज दिसत असला तरी कार्ड पाहायचंच, आणि सहाच्या पुढं उशीर झाला तर काही ठिकाणी मिनिटामिनिटाचे पैसे लावतात. मागच्या महिन्यात एक आजी आली. लेकरू धावत जाऊन तिला बिलगलं, पण नाव यादीत नाही. त्याच्या आईचा फोन लागेना, ती गोदामात कामाला, तिथं फोन लॉकरमध्ये ठेवावा लागते. आम्ही तिघं त्या चिमुकल्या खुर्च्यांवर बसून राहिलो, आजी मला मनात शिव्या देत असेल, आणि मी तिला समोरचं सफरचंद पण देऊ शकत नव्हती कारण खाऊ लेकरांच्या नावावर मोजून येते, मोठ्यांना द्यायचा नाही. शेवटी आईचा फोन आला तेव्हा सोडलं. हसू नका, मला पण पहिले हा वेडेपणाच वाटला होता. अजून पण थोडा वाटते.

वहिनी, तुमची परी शाळेतून कोणाच्याही मागं घरी येते आणि तुम्ही निंदणावरून परत येईपर्यंत ओट्यावर एकटी असते, हे मला इथं बसून बोलायचा हक्क नाही, माहीत आहे. आईच्या गुडघ्यांवर ती पोरगी टाकून मी इथं दुसऱ्यांच्या लेकरांचे पाढे घेते. पण दादा, तू शाळा समितीवर आहेस म्हणून लिहिते. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत, पुढं शाळा आणि खिचडी, आणि शाळा सुटली की सरकारच्या हिशेबात लेकरू गायबच. आपल्या विदर्भात तर ऊन पाहून शाळा जूनच्या शेवटी उघडते, तोवर पोट्टे विहिरीवर नाहीतर मोबाईलवर. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणाला ठेवावे लागतात, दरवर्षी त्यात काय घेतात ते ग्रामसभेत विचार ना एकदा. गावातली एखादी बारावी झालेली पोरगी संध्याकाळी दोन तास शाळेच्या वर्गात बसली तरी वेचणीच्या दिवसांत केवढं होईल. अमेरिकेतून अक्कल पाठवून राहिली म्हणशील, म्हण.

बाबा, या महिन्यात बँकेच्या हप्त्यापुरतेच पाठवले, खताच्या उधारीचे पोळ्यानंतर टाकते. ते जुलैतले कमी तास आता पगारात दिसले, एवढंच, दुसरं काही नाही. शेताचे कागद सोडवायचे माझ्या डोक्यात आहे, आठवण करून देऊ नका.

आणि आत्यानं आणलेलं वर्ध्याचं स्थळ. फोटो पाहिला, मुलगा बरा वाटला, नाही म्हणत नाही. पण डिसेंबरात येणं जमेल असं त्यांना आताच सांगू नका, तिकीट पाहून मीच सांगते. बायोडाटा आत्या लिहून राहिली म्हणे, तर त्यात "लेकरं सांभाळते" लिहू देऊ नका, मी एमएसडब्ल्यू आहे, समाजकार्यात मास्टर डिग्री. आणि पगाराचा आकडा अजिबात टाकू नका, पुढच्या जुलैत पैसा वेळेवर सुटते की नाही पाहू द्या आधी.

तुमची,
मनू