गाडी नवी, अर्थिंग जुनं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात हल्ली इलेक्ट्रिक गाड्यांवर बरंच छापून येतं. रेंज किती मिळते, समृद्धीवर चार्जर कुठे आहेत, बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवावी की 100 करावी. मी आवडीने वाचतो. पण गाडी रोज रात्री ज्या पॉवर पॉइंटला लावली जाते त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मी नागपुरात वायरिंगची कामं घेणारा परवानाधारक ठेकेदार आहे. गाडीसाठी पॉइंट काढून देणं आणि बिघडलेला पॉइंट दुरुस्त करणं हे आता आमचं नेहमीचं काम झालंय, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन येतात. गाडी दिवाळीत घेतली, हिवाळाभर चार्जिंग व्यवस्थित झालं, आता चार्जरवर लाल दिवा लागतो. शोरूमवाले म्हणतात, घरचं अर्थिंग तपासा. मालक म्हणतो, घरात फ्रिज, एसी, गीझर सगळं सुरू आहे, मग अर्थिंगला काय धाड भरली? फ्रिजला अर्थिंग नसलं तरी तो बिचारा थंड करत राहतो, तक्रार करत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थ तपासतो आणि तो पटला नाही तर सुरूच होत नाही. म्हणजे चार्जर बिघडलेला नसतो. घरात वर्षानुवर्षं असलेला दोष त्याने पहिल्यांदा दाखवलेला असतो.

हे उन्हाळ्यातच का होतं, तर आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात. मीठ-कोळसा घालून पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपभोवतीची माती एप्रिलपासून सुटी होते आणि कोरडी पडते. ओल नसली की विजेला जमिनीत उतरायला वाट राहत नाही. त्या पाइपच्या तोंडाला नरसाळं असतं ते पाणी ओतण्यासाठीच. पूर्वी चौकीदार उन्हाळ्यात तिथे पाणी टाकायचा. आता कित्येक फ्लॅट स्कीममध्ये तो खड्डा पेव्हर ब्लॉकखाली गेलाय आणि तो कुठे होता हे सेक्रेटरींनाही सांगता येत नाही.

इथवर समजण्यासारखं आहे. यावर जो उपाय चाललाय तो मात्र भयंकर आहे. पॉइंटच्या आत न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ वायरच्या एका तुकड्याने जोडून द्यायचे. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, वायरमन दोन-तीनशे रुपये घेऊन निघून जातो. विचारलं तर म्हणतो, "झालं न भाऊ, गाडी चार्ज होऊन रायली!" होते, यात वाद नाही. पण त्या पॉइंटच्या मागे न्यूट्रल कुठे ढिला पडला किंवा तुटला, तर गाडीतून परत येणारा फेज त्या तुकड्यातून अर्थच्या पिनवर येतो आणि तिथून थेट गाडीच्या पत्र्यावर. पार्किंगमध्ये सकाळी ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून गाडी पुसणारा पोऱ्या असतो, हे लक्षात घ्या. शिवाय असा जोड दिला की आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, वारंवार पडते. मग तीही काढून टाकतात. जीव वाचवणारी वस्तू गैरसोय म्हणून काढली जाते आणि मालकाला पत्ताही नसतो.

आपल्या पॉइंटमध्ये काय आहे हे कळायला साधा मल्टिमीटर पुरतो, फक्त तो जाणत्या माणसाने धरावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास व्होल्ट दिसतात. फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच दिसायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टपर्यंत फरक आम्ही चालवून घेतो. त्याहून जास्त दिसला तर खड्डा उघडावा लागतो. आणि भर चार्जिंगमध्येही तो बरोबर शून्य दिसला तर खूश होऊ नका. पॉइंट उघडून आत तो तुकडा नाही ना, ते बघायला लावा.

दुसरी गोष्ट वायरची. 15 अँपिअरचा पॉइंट गीझरला चालतो म्हणून गाडीलाही चालेल, असा हिशेब लोक करतात. गीझर 15 मिनिटांत बंद होतो. गाडी तेवढाच करंट तासन् तास ओढते. बाल्कनीतून खाली सोडलेला एक्स्टेंशन बोर्ड, ढिला सॉकेट, भिंतीत जुनी बारीक वायर अशा ठिकाणी पिनेजवळ प्लॅस्टिक आधी पिवळं पडतं, मग काळं, मग वितळतं. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हात लावून बघायची सवय ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर आधी स्विच बंद करा, मग प्लग काढा, आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथे गाडी लावू नका. आम्ही मीटरपासून वेगळी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढतो, तिला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी देतो. खर्च येतो. ज्याने लाखोंची गाडी घेतली तो इथे मात्र वायरच्या दर मीटरमागे घासाघीस करतो, हा आमचा नेहमीचा अनुभव.

मोठ्या चार्जरचा सोस मला फारसा पटत नाही. 7.2 किलोवॅटचा वॉल बॉक्स 32 अँपिअरच्या आसपास ओढतो. साध्या घराचा मंजूर भार त्याला पुरत नाही. भार वाढवावा लागतो, बहुधा थ्री-फेज मीटर घ्यावं लागतं. गरज किती? धरमपेठेतून मिहानला जाऊन परत येणाऱ्याचे दिवसाचे 30-40 किलोमीटर होतात. युनिटला सहा-सात किलोमीटर धरले तर पाच-सहा युनिट. साध्या पॉवर पॉइंटवर ते दोन-अडीच तासांत भरतात. रोज अमरावतीला जाऊन येणाऱ्याची गोष्ट वेगळी, त्याने खुशाल मोठा घ्यावा. बाकीच्यांनी पेट्रोलच्या टाकीसारखी रोज काठोकाठ भरण्याची गरज नाही.

वेळेचंही तसंच. संध्याकाळी सातला 45 अंशांतून तापलेली गाडी आणून लगेच लावायची, तेव्हाच घरोघरी एसी आणि कूलर सुरू झालेले असतात, डीपीवर भार चढलेला, व्होल्टेज पडलेलं. बऱ्याच गाड्यांमध्ये वेळ लावून ठेवायची सोय असते. पहाटेची लावा. बॅटरी तोवर निवते आणि भरल्यावर थोड्याच वेळात गाडी बाहेर पडते. पूर्ण भरलेली गाडी उन्हात दिवसभर उभी ठेवणं बॅटरीच्या आयुष्याला वाईट. 80 की 100 या वादाचं उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज भरताना फारसं बदलत नाही, त्यामुळे किती भरली याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. म्हणून तिच्या कंपन्या अधूनमधून 100 टक्के करायला सांगतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीवाल्यांनी रोजच्या वापरात 80 च्या आसपास थांबलेलं बरं. शेजाऱ्याची गाडी दुसऱ्या बॅटरीची असेल तर त्याचा सल्ला तुमच्या कामाचा नाही.

ज्यांची गाडी दिवसा घरी असते त्यांनी रात्रीचा आग्रह सोडावा. छतावर सोलर असेल तर दुपारची वीज तिथल्या तिथे गाडीत जाते. नसेल तरी टीओडी (वेळेनुसार वापर मोजणारं) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी महावितरणने जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापराला युनिटमागे 80 पैशांपासून सवलत जाहीर केली, ती आपल्या बिलात दिसते का ते पाहावं. फक्त मे महिन्यात गाडी सावलीत लावा. घरच्याच मीटरवर गाडी घेतली की महिन्याचे युनिट वाढून वरचा स्लॅब लागतो, तेव्हा वेगळ्या मीटरचा हिशेब करून बघा. मागणी केली तर गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मिळण्याची तरतूद केंद्राच्या वीज ग्राहक नियमांत फेब्रुवारी 2024 मध्येच झाली आहे. स्कीमच्या सेक्रेटरींशी भांडण्यापेक्षा तो अर्ज भरणं सोपं.

माझी मागणी एवढीच आहे. गाडी ताब्यात देण्यापूर्वी शोरूमने ग्राहकाच्या घरी माणूस पाठवून अर्थिंग मोजावं आणि ते आकडे, तारखेसह, गाडीच्या कागदपत्रांत लावावेत. आज काही ठिकाणी माणूस येतो, पॉइंटचा फोटो काढतो आणि जातो. फोटोत अर्थिंग दिसत नाही. मोजणी हिवाळ्यात झाली असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा व्हावी. महावितरणनेही गाडीसाठी मीटर देताना चाचणी अहवालातला अर्थिंगचा रकाना नुसता भरून घेऊ नये, मीटर लावायला आलेल्या माणसाने जागेवर तपासावा.

तोवर ज्यांना आपल्या घरचा खड्डा ठाऊक आहे त्यांनी पाऊस लागेपर्यंत चार-आठ दिवसांनी त्यात दोन बादल्या पाणी ओतावं. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी पेव्हर ब्लॉक उचलायला हरकत घेऊ नये.

आपला,
एक विद्युत ठेकेदार, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती. घासाघीस करणारे गिऱ्हाईक आपला पेपर वाचतात.)