कुर्डुवाडीच्या हमालदादांना

हमालदादा, नमस्कार.

आषाढीच्या आधी सोलापूरहून आलेल्या एका म्हातारीला, आमच्या आईला, तुम्ही पंढरपूरच्या गाडीत बसवून दिलंत. तुमच्या हातून अशी किती माणसं जात असतील. पण आमच्या घरात अजून तुमचाच विषय आहे, म्हणून हे पत्र.

चाकाची खुर्ची आली तेव्हा तुम्ही लगेच मागच्या दांड्या धरल्या नाहीत. आधी समोर येऊन उकिडवे बसलात. आईचे दोन्ही पाय एकेक करून उचलून खालच्या फळ्यांवर ठेवलेत. लुगड्याचा सोगा चाकाशी लोंबत होता, तो गोळा करून तिच्या मांडीवर दिलात आणि म्हणालात, "आज्जी, हे एवढं घट्ट धरा." मग उठलात. अर्धं मिनिटही लागलं नसेल. चाकाच्या खुर्चीत घात होतो तो नेमका इथंच. पाऊल फळीवरून घसरलं की खुर्ची पुढं जाते आणि पाऊल तिच्याखाली मुडपतं. आऱ्यांमध्ये कापड गुंडाळलं गेलं की माणूस बसल्या जागी ओढलं जातं. आधीच्या एका प्रवासात, स्थानकाचं नाव घेत नाही, एकानं खुर्ची तशीच दामटली होती, तीही उतारावरून तोंड पुढं करून. आईनं दोन्ही हातांनी कड धरून ठेवली होती आणि तो माणूस मोबाइलवर बोलत होता. ती भीती तिच्या अंगात बसली होती. तुम्ही तिच्या पावलांना हात लावलात तेव्हा ती निघाली.

फलाटाच्या टोकाच्या उतारावर तुम्ही खुर्ची उलटी फिरवलीत, म्हणजे आईची पाठ उताराकडे आणि खुर्चीचा भार तुमच्या अंगावर. रूळ ओलांडतानाही तसंच, मोठी चाकं आधी आणि रुळांना अगदी काटकोनात. तिरकं नेलं की पुढची छोटी चाकं रुळालगतच्या खाचेत अडकतात, खुर्ची जागेवर थांबते आणि माणूस पुढं फेकलं जातं. हे सांगायला सोपं आहे. डोक्यावर गाडीची घोषणा चालू असताना घाई न करता करणं अवघड.

वाटेत आईनं विचारलं, "बार्शी लाइट कुठनं सुटते?" 1897 साली सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी 1906 साली पंढरपूरला पोचली, पुढं लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. तिच्या पिढीला त्या मार्गाचं दुसरं नाव ठाऊकच नाही. लोक अशा वेळी हसतात. तुम्ही म्हणालात, "तीच गाडी आज्जी, आता रूळ रुंद झालेत." आणि डब्यावरची पाटी तिला वाचून दाखवलीत. कुर्डुवाडीत चार वाटा फुटतात: पुणे, सोलापूर, बार्शी-लातूर, पंढरपूर-मिरज. नुसतं "गाडी लागली" ऐकून धावणारा पंढरपूरला म्हणून निघतो आणि बार्शीच्या वाटेला लागतो. पाटी वाचायला वेळ लागत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला ती दिसायला तर हवी.

दाराशी तुम्ही खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावलेत, फळ्या वर घडी केल्यात, मगच आईला उठवलंत. फळ्या खाली असताना माणूस त्यांच्यावर भार देऊन उठतं आणि खुर्ची पुढं कलंडते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हे तुम्ही तिला दोनदा सांगितलंत. काखेत हात घालून ओढलं नाहीत. मनगट पुढं केलंत आणि तिला धरू दिलंत.

असली माणसं स्थानकांवर असतात म्हणून म्हातारी माणसं अजून वारीला निघतात. ओझं वाहणाऱ्या हातांना माणसाचं वजन वेगळं असतं हे कळावं, याहून मोठं शहाणपण आम्हाला माहीत नाही. कुणी शिकवलं असेल तर त्यांनाही नमस्कार सांगा.

तुमच्या दंडावरच्या बिल्ल्याचा क्रमांक बघायचा राहिला. कार्तिकीला आई पुन्हा याच वाटेनं येणार आहे. शेंगाचटणीची पुडी तिनं आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे, त्यामुळं फलाटावर तुम्हाला विचारत येऊ.