विसार दिलाय, सौदा व्हायचाय

चँडलर, ॲरिझोना
रविवार, 17 नोव्हेंबर 2024

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी गाडीचा विषय काढला तेव्हा आप्पा, तुम्ही एवढंच विचारलंत, "चाकावरच्या घराला एकोणपन्नास लाख? नीट विचार केलायस ना?" मी "हो" म्हटलं, मग आईने फोन घेतला आणि बोलणं ज्वारीच्या पेरणीवर गेलं. पण तुमचा प्रश्न आठवडाभर माझ्या मनातून हलला नाही. फोनवर मला असलं काही धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. दादाच्या मोबाईलवर पाठवते आहे, तो वाचून दाखवेलच. तरी तुम्ही एकदा चष्मा लावून स्वतः वाचा. यात आकडे आहेत आणि ते तुम्ही तपासावेत अशी माझी इच्छा आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. इथे तिला टॉय हॉलर म्हणतात. पिकअपच्या मागे जोडून ओढायचं चाकावरचं घर. पुढे झोपायची खोली, मध्ये ओटा, फ्रीज, संडास-न्हाणी, आणि मागे गॅरेज. मागची सगळी भिंत खाली उघडते आणि तिची उतरंड होते. तिच्यावरून मुलांच्या मोटारसायकली आणि आमची ती वाळूत चालणारी चारचाकी आत घालायची. मुक्कामी पोचल्यावर त्या बाहेर काढल्या की गॅरेजची खोली होते. छताला लावलेले पलंग बटण दाबून खाली येतात.

तुमचे जावई आणि मुलं यांना वाळूचं वेड लागून आता चार वर्षं झाली. इथून तीन-साडेतीन तासांवर कॅलिफोर्नियात ग्लॅमिसच्या टेकड्या आहेत, नजर पोचेल तिथवर नुसती वाळू. इथला उन्हाळा तुम्ही पाहिला आहे, 45 अंशांत दार उघडवत नाही. त्यामुळे बाहेर पडायचे दिवस ऑक्टोबर ते एप्रिल. ॲरिझोनात सरकारी मोकळं रान अफाट आहे, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. पण तिथे ना नळ, ना वीज. पाणी, जनरेटर, सगळं आपलं आपण न्यायचं. आजवर आम्ही असं चाकावरचं घर भाड्याने घेत होतो आणि मोटारसायकली वेगळ्या ट्रेलरवर नेत होतो. गेल्या हंगामात 31 रात्री बाहेर काढल्या. वहीत लिहून ठेवल्या होत्या म्हणून सांगते. सहा-सात रात्रींसाठी मी हे घर घेतलं नसतं.

आता वजनाचं ऐका, कारण आमचं खरं डोकं तिथेच खर्च झालं. विकणारा माणूस रिकाम्या गाडीचं वजन सांगतो आणि "तुमचा पिकअप सहज ओढेल" म्हणतो. रिकामी गाडी कोण ओढतो? या गाडीचं रिकामं वजन 7,800 पौंड, आणि सगळं भरून जास्तीत जास्त 11,000 पौंड. म्हणजे सामानाला 3,200 उरले. (पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम.) मी कागद घेतला. पाण्याची टाकी 100 गॅलनची, एका गॅलनला 8.34 पौंड, झाले 834. चारचाकी 1,500. दोन मोटारसायकली 300. 30 गॅलन पेट्रोल, त्याचे 180. धान्य, कपडे, भांडी, हत्यारं धरून 400. बेरीज 3,214. चौदा पौंडांनी पुढे गेले! मग ठरवलं की टाकी कधीच पूर्ण भरायची नाही, सत्तर गॅलनवर थांबायचं. जवळ पाण्याचा नळ असेल तिथे त्याहूनही कमी.

दुसरं, ओढणाऱ्या गाडीवर किती भार येतो. मागच्या गाडीच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडावर, म्हणजे पिकअपच्या पाठीवर आला पाहिजे. आप्पा, हे वाचताना मला आपली बैलगाडी आठवली. ऊस भरताना तुम्ही मोळ्या पुढे-मागे सरकवायला लावायचात. "धुरजड झाली तर बैलांच्या मानेवर, उलाळ झाली तर दांड्या आभाळात." इथे अगदी तेच आहे. जोडावर भार कमी पडला की मागची गाडी हमरस्त्यावर शेपटीसारखी हलायला लागते, आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात ते जीवावर बेतणारं असतं. टॉय हॉलरमध्ये जड सामान सगळं मागे येतं, म्हणून ही गाडी मुळातच थोडी धुरजड बांधतात. गॅरेज रिकामं असलं की पिकअपवर भार जास्त पडतो, भरलं की बरोबर बसतो. पिकअपच्या दारावरच्या पिवळ्या चिठ्ठीवर तिच्या पाठीची ताकद लिहिलेली असते, आमची 2,300 पौंड. पंधरा टक्क्याने 1,650, त्यात आम्ही चौघं आणि जोडाचं लोखंड मिळून 600. झाले 2,250. बसतं, पण अगदी काठावर. याहून मोठी गाडी विकणाऱ्याने आम्हाला दाखवली होती. ती घेतली असती तर वर्षभरात पिकअपही बदलावा लागला असता. ती मी पहिल्याच दिवशी वगळली.

आई, तू गेल्या वेळी विचारलं होतंस की पेट्रोलच्या वासात लेकरं झोपणार का. तुझं म्हणणं बरोबर होतं. म्हणून ज्यात गॅरेज आणि राहायची जागा यांच्यामध्ये पक्की भिंत आणि दार आहे, अशीच गाडी निवडली. मुक्कामी पोचलो की आधी मागची उतरंड उघडायची, वाहनं आणि पेट्रोलचे डबे बाहेर, खिडक्या उघड्या, आणि दोन-तीन तास वारं गेल्यावरच अंथरूण. विषारी वायू झाला तर ओरडणारं यंत्र आत असतं, तरी गॅरेजसाठी मी वेगळं एक घेणार आहे.

आता भावाचं.

2021 साली, कोरोनाच्या त्या काळात, अमेरिकेत सगळ्यांनाच अशी घरं हवी होती. त्या एका वर्षात कारखान्यांतून सहा लाख गाड्या बाहेर पडल्या. बहुतेक कारखाने इंडियाना राज्यात एल्कहार्ट गावाच्या आसपास आहेत. 2023 ला तोच आकडा तीन लाख तेरा हजारांवर आला. 2021 ला लोक छापील किमतीच्या वर पैसे देत होते. आता दुकानांच्या मैदानात गाड्या उन्हात उभ्या आहेत. दुकानदाराने त्या स्वतःच्या पैशाने आणलेल्या नसतात, बँकेच्या कर्जावर आणलेल्या असतात. गाडी जितके दिवस उभी तितकं व्याज त्याच्या डोक्यावर. आम्ही पाहिलेली गाडी 2024 ची, आणि दाराजवळच्या पट्टीवर बनवल्याची तारीख ऑगस्ट 2023. पंधरा महिने उभी! आता 2025 च्या गाड्या शेजारी येऊन लागल्यात. खरसुंडीच्या जत्रेत शेवटच्या दिवशी दावणीला राहिलेल्या खोंडाचा मालक कसा बोलतो, ते मी तुमच्या खांद्यावर बसून ऐकलेलं आहे.

छापील किंमत 74,900 डॉलर. लाल अक्षरात "आजची किंमत 62,900". शेजारच्या मेसा शहरातल्या दुकानात आम्ही गेलो तर तिथला माणूस तासभर तुमच्या जावयांशीच बोलत होता. प्रश्न मी विचारायचे, उत्तर त्यांच्याकडे बघून. शेवटी तुमचे जावईच म्हणाले, "हिशेब तिच्याकडे आहे." तेव्हा त्याने कागद माझ्याकडे सरकवला. त्या कागदावर किंमत कोपऱ्यात बारीक, आणि मधोमध मोठ्या अक्षरात "महिन्याला 525 डॉलर". मी विचारलं, किती वर्षं? वीस. व्याज नऊ टक्के. किमतीवर तयारीचे 1,995, वाहतुकीचे 2,400, कागदपत्रांचे 599, आणि या सगळ्यावर आठ टक्के कर. एकूण 73,326. आम्ही 15,000 रोख देऊन उरलेल्यावर वीस वर्षं हप्ते भरले असते तर हप्त्यांचीच बेरीज एक लाख सव्वीस हजार डॉलर झाली असती. कर्ज अठ्ठावन्न हजारांचं, फेड सव्वा लाखाची. मला राग आला आप्पा. शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं बसलं होतं, त्यांच्यासमोरही तसाच कागद होता.

आम्ही नमस्कार करून उठलो.

घरी येऊन मी चार राज्यांतल्या सहा दुकानांना एकच मजकूर लिहिला: याच मॉडेलची गाडी, कर आणि सगळे आकार धरून दाराबाहेर पडताना एकूण किती द्यायचे, तेवढंच सांगा. महिन्याचा हप्ता नको. दोघांनी उत्तरच दिलं नाही, दोघं फोनवर या म्हणाले, दोघांनी स्पष्ट आकडा दिला. त्यात इंडियानाचा एक आकडा सगळ्यांत कमी होता, पण तिथून ओढत आणायचं म्हणजे तीन दिवसांचा रस्ता आणि डिझेल. तरी तो कागद हातात होता, आणि तोच कामाला आला. दरम्यान आमच्या पतपेढीने साडेसात टक्क्याने दहा वर्षांचं कर्ज मंजूर केलं. मग मी मेसाच्या त्याच दुकानाला लिहिलं: गाडीचे 52,000, कागदपत्रांचे 500, तयारी-वाहतूक शून्य, कर्ज आमचं आम्ही आणणार, वाढीव वॉरंटी नको.

तीन दिवस काही नाही. मला वाटलं तुटलं. जत्रेत बैलाचा सौदा करताना तुम्ही दुपारभर बोट न हलवता उपरण्याखाली हात धरून बसायचात, आणि हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, उठून निघून गेला तरी मान वळवायचा नाहीत, त्याचं मला लहानपणी फार आश्चर्य वाटायचं. या तीन दिवसांत कळलं की तुमच्या पोटातही तेव्हा कालवाकालव होत असणार. तुमच्या जावयांना मी दोनदा फोन करू दिला नाही. चौथ्या दिवशी तिकडून फोन आला. 55,000 वरून सुरू झालं, 53,000 वर थांबलं. आकार 500, वर कर 4,280. एकूण 57,780. म्हणजे पहिल्या कागदापेक्षा साडेपंधरा हजार कमी. नोंदणी तेवढी वेगळी.

15,000 दिल्यावर दहा वर्षांचा हप्ता होतो 508. तो वीस वर्षांसाठी सांगत होता 525! हप्ता जवळपास तोच, वर्षं निम्मी. यावर गाडी उभी करायच्या जागेचे महिन्याला 140 (आमच्या वसाहतीत दारात उभी करू देत नाहीत), विमा वेगळा. आमच्या पगारात हे बसतं. मुलांच्या शिक्षणाचे आणि तुम्हा दोघांच्या औषधपाण्याचे बाजूला काढून बसतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यात विहिरीजवळचा तुकडा आला असता. आला असता. त्या तुकड्याची किंमत वाढली असती आणि या गाडीची पहिल्याच वर्षी घसरणार आहे, हे मला माहीत आहे. यातून पैसा परत येईल असं मी स्वतःलाही सांगत नाही. थोरला तेराचा झाला. अजून पाच वर्षांनी तो कॉलेजला जाईल, मग आमच्याबरोबर रानात मुक्कामाला येईल की नाही कोण जाणे. मला ही पाच वर्षं हवी आहेत.

अजून सही केलेली नाही. हजार डॉलर विसार दिलाय, गाडी नापास झाली तर परत मिळेल असं लिहून घेतलंय. येत्या शनिवारी तपासणी. आधी टाक्या पूर्ण भरून सगळे नळ, गळती, न्हाणी. मग छतावर चढून सांधे. भिंत बाहेर सरकते ती चार वेळा आत-बाहेर करायची. जनरेटर तासभर चालवून त्यावर एसी लावायचा. उतरंडीच्या स्प्रिंगा, तिचे दोर. आणि टायर. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. या गाडीचे 2823, म्हणजे 2023 चा अठ्ठाविसावा आठवडा. गाडी कोरी असली तरी रबर सव्वा वर्ष उन्हात तापलंय, भेगा बघायच्या आहेत. दोनदाती तरणा म्हणून सगळे दात जुळलेला जुना बैल गळ्यात पडायला नको. पैसे त्यानंतर.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली. 2022 ला आपण भाड्याच्या गाडीने ग्रँड कॅन्यनला गेलो, तेव्हा दाराच्या त्या चार उभ्या पायऱ्या तुझ्या गुडघ्यांना झेपेनात. तू दोन दिवस बाहेर खुर्चीतच बसलीस आणि "मला बाहेरच बरं वाटतं" म्हणालीस. मला कळत होतं. या गाडीच्या मैदानात एक आजोबा आपल्या बायकोला व्हीलचेअरवरून मागच्या उतरंडीने आत नेताना पाहिले, तेव्हा मी चालताचालता थांबले. आपल्याला तशी खुर्ची लागत नाही. पण पायऱ्या नाहीत, नुसता चढ आहे, एका हाताला मी आणि दुसऱ्या हाताला थोरला. आणि पुढची झोपायची खोलीही त्याच पातळीवर आहे. पिकअपच्या हौद्यावर टेकणाऱ्या मोठ्या गाड्या असतात, त्यांत खोलीत जायला आतही पायऱ्या चढाव्या लागतात. त्यामुळे त्या आम्ही पाहिल्याच नाहीत. ती खोली तुमची. आम्ही मागे.

फेब्रुवारीत इथे हवा छान असते. तोवर ज्वारीचं निघालं तर निघालं, नाहीतर दादा बघेल. व्हिसा 2031 पर्यंत आहे.

आप्पा, शनिवारी आमचे सकाळचे नऊ म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ. जेवून जागे राहा. व्हिडिओ लावते, टायर आणि जोड तुम्हाला जवळून दाखवते. काही खटकलं तर मराठीत मोकळेपणी बोला, तिथे कुणाला कळणार नाही.

तुमची,
लेक