सत्कार आवरा, प्रश्न विचारा

माननीय संपादक,

जुन्या संगणकांच्या मेळाव्याची कालची बातमी वाचली. मायक्रोप्रोसेसरच्या सुरुवातीच्या पिढीतल्या अभियंत्याला बोलावले आणि बोलायला दिली वीस मिनिटे! त्यातली निम्मी स्वागतात गेली, उरलेल्या वेळात ‘त्या काळी कसं वाटायचं?’ हा प्रश्न. बातमीत याचे कौतुक आहे, म्हणून हे पत्र.

६५०२ या मायक्रोप्रोसेसरचेच घ्या. १९७५ च्या वेस्कॉन या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलच्या खोलीत, बरणीतून काढून २५ डॉलरला ही चिप विकली, हा किस्सा ती बनवणाऱ्या चमूचे प्रमुख चक पेडल यांनी अनेकदा सांगितला, तो छापूनही आला. पण सुरुवातीच्या ६५०२ मध्ये आरओआर (बिट उजवीकडे फिरवण्याची) ही सूचना चालत नव्हती. ती आराखड्यात चुकली की मुळातच घेतली नव्हती, यावर हौशी मंडळी आजही भांडतात. पेडल २०१९ मध्ये गेले. असले प्रश्न हाताने चिपचा लेआउट काढणाऱ्यांना, मास्क (चिप छापण्याचे साचे) तपासणाऱ्यांना, चाचणीचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना विचारायचे असतात. आणि निमंत्रणे जातात कंपन्यांच्या संस्थापकांना!

निमंत्रणासोबत सर्किट डायग्रामची प्रत पाठवा आणि कोणत्या रिव्हिजनच्या (सुधारित आवृत्तीच्या) बोर्डाबद्दल बोलायचे ते स्पष्ट लिहा. इतक्या वर्षांपूर्वीचे काम नुसते आठवायला सांगून आठवत नाही. स्वतःच्या हाताची खाडाखोड समोर आली की आठवते. प्रश्न महिनाभर आधी द्या. मुलाखत घेणाऱ्याने ते यंत्र स्वतः उघडून दुरुस्त केलेले असावे, नाहीतर उत्तरातला धागा त्याच्या हातून सुटतो. ऐंशीच्या घरातल्या वक्त्याला सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. विश्रांतीनंतर दुसरे सत्र ठेवा. सोबत येणाऱ्या माणसाचाही प्रवासखर्च द्या. खोली प्रदर्शनापासून लांब हवी, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या आवाजात श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला प्रश्न ऐकूच येत नाही. कॉलर माइक थेट रेकॉर्डरला जोडा आणि दुसरा रेकॉर्डर स्वतंत्र चालू ठेवा. श्रोत्यांचा प्रश्न माइकवर पुन्हा म्हणायलाच हवा. तो न म्हटल्याने कितीतरी ध्वनिमुद्रणांत नुसती उत्तरेच उरली आहेत. प्रसारणाची लेखी परवानगी भाषणाआधी घ्या.

व्यासपीठावर यंत्र चालू करून दाखवण्याचा हट्टही नको. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या मूळ पॉवर सप्लायमधला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बिघडला की पाच व्होल्टच्या लाइनवर जास्त व्होल्टेज जाते आणि रॅमच्या (मेमरीच्या) चिप जळतात. मग वक्त्याची वेळ स्क्रू काढण्यात जाते. बोर्ड त्यांच्या हातात द्या, तेवढे पुरते.

आणखी एक. बातमीतल्या छायाचित्राखाली झेड८० ला इंटेलची चिप म्हटले आहे. ती झायलॉगची, १९७६ ची. फेडेरिको फॅजिन यांनी इंटेल सोडल्यावर ती तयार केली आणि इंटेलच्या ८०८० या चिपचे बहुतेक प्रोग्रॅम तिच्यावर चालतात, एवढाच इंटेलचा संबंध. दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नव्हे, बातमी आली त्याच पानावर.

आपला,
एक नियमित वाचक